दांडा कुणाकडे होता

ट्राम हलली तेव्हा ड्रायव्हरच्या जागेवर कुणीच नव्हतं.

हलली म्हणजे फार नाही, वीतभर. पूल सुरू होण्याआधीच्या थांब्यावर पाळी बदलते. सकाळचा ड्रायव्हर, गालफडं बसलेला, थकलेला माणूस, खाली उतरून सफरचंद खात उभा होता. दुपारचा ड्रायव्हर, तांबूस मिशांचा, एक पाय पायरीवर ठेवून त्याला आदल्या रात्रीच्या हॉकीच्या मॅचबद्दल तावातावानं काही सांगत होता. रुळाला तिथं किंचित उतार आहे. आतल्या माणसांना आधी वाटलं, बाहेरचं दुकानच मागं सरकतंय. मग तांबूस मिशांचा माणूस एका उडीत आत आला, कुठलीशी मूठ फिरवली, आणि ट्राम कुरकुरत थांबली.

"अरे, मला वाटलं तू ब्रेक लावून उतरलायस!"

"मला वाटलं तू वर चढलास! मी तर इथं सफरचंद खातोय, दिसत नाही?"

दोघंही हसले. ट्राममधली माणसंही हसली. केसाळ टोपी घातलेली एक जाडी बाई तेवढी म्हणाली, "हसताय काय दात काढून? पुढं पूल आहे!"

"बाई, पुलावर गेली असती तर धावत जाऊन पकडली असती," मिशीवाला जागेवर बसत म्हणाला. "घरी बायकोमागं रोज धावतो, सवय आहे."

आयव्हर लिंडाल हसला नाही. तो पुढच्या दाराजवळ उभा होता आणि त्याचे दोन्ही हात खांबाला होते. हे आजचं नव्हतं. ट्राममध्ये, लिफ्टमध्ये, कुणाच्या मोटारीत, तो कायम दोन्ही हातांनी काही ना काही धरून असतो. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बायकोनं विचारलं होतं, तू झोपेतसुद्धा पलंगाची कड का धरतोस? गुडघ्यामुळं, असं त्यानं सांगितलं होतं. गुडघा खरंच वाकत नव्हता, त्यामुळं उत्तर पटण्यासारखं होतं. पण आता खांबाच्या थंड पितळेवर त्याची बोटं पांढरी पडली होती, आणि कानात ती दोन वाक्यं फिरत होती. मला वाटलं तू. मला वाटलं तू. दोन माणसांना एकाच क्षणी नेमकं उलटं वाटतं, आणि त्या दोन वाटण्यांच्या मधून एक अवजड वस्तू, माणसांनी भरलेली, सावकाश, कुणालाही न विचारता निघते. किती सहज निघाली. तिला घाई नव्हती. तिला कुणाची गरज असल्यासारखंही वाटलं नाही.

ट्राम पुलावर आली. पुलाच्या वरच्या मजल्यावर फक्त रूळ आहेत, खिडकीतून कठडा दिसत नाही. खाली एकदम नदी. नोव्हेंबर लागला होता, पाण्यावर बर्फाच्या गोल चकत्या एकमेकींना घासत चालल्या होत्या आणि मधल्या उघड्या पाण्यातून वाफ निघत होती. काही वाफ ट्रामच्या उंचीपर्यंत येई आणि काच पांढरी होऊन जाई. मग ना नदी, ना किनारा. फक्त खालचा खडखडाट, तोही दुसऱ्याच कुणाच्या खोलीत चालल्यासारखा. कॅनडातल्या या एडमंटनमध्ये राहायला आल्यापासून आयव्हर या पुलावरून क्वचितच गेला होता. प्रयोगशाळा अलीकडे, घर अलीकडे. प्रयोगशाळेत तो गव्हातलं पाणी मोजतो. गहू तोलायचा, भट्टीत ठेवायचा, पुन्हा तोलायचा. जे कमी भरतं ते पाणी. पाणी कधी दिसत नाही. नसण्यावरून त्याचं असणं ठरवायचं. हे काम त्याला आवडतं, कारण त्यात कुणाला काय वाटलं याला काही जागा नाही.

आज मात्र पलीकडे जायचं होतं. सोमवारी प्रयोगशाळेत फोन आला होता. एका बाईचा आवाज, सराईत, टेलिफोन एक्सचेंजमध्ये काम करणाऱ्या बायकांचा असतो तसा प्रत्येक शब्द सुटा. "मी एल्स्पेथ पेटिग्रू. ड्युगल्डची बहीण." आणि लगेच पुढं, "तुम्ही आमच्या दादाबरोबर होता ना, त्या दिवशी?" मग तिनं सगळं नीट सांगितलं. त्यांच्या चर्चमध्ये युद्धात गेलेल्या मुलांची पितळी पाटी बसणार आहे. येत्या रविवारी. आठ नावं कोरून झाली आहेत, खाली एक जागा मोकळी ठेवली आहे, कारण बाबा नाव देऊ देत नाहीत. ते म्हणतात, तो युद्धात मेला नाही. गव्हाच्या शेतात मेला, इथं, आपल्या देशात, शिकाऊ विमानात. शत्रूनं मारला असता तर वेगळं. हा कामावर झोपला. "तुम्ही एकदा येऊन त्यांना सांगा," ती म्हणाली. "जे झालं ते. तिथं तुम्ही सोडून कुणीच नव्हतं." आणि मग, आवाज जरा खाली आणून, "ते तुमच्याशी चांगले वागतील असं मी म्हणत नाही हां."

जे झालं ते. काचेवरची वाफ विरली, नदी पुन्हा दिसली आणि पुन्हा गेली. झालं ते असंच पांढरं होतं. जानेवारी होता की फेब्रुवारी, खाली बर्फानं झाकलेली शेतं, वर पातळ ढग, दोन्ही एकाच रंगाचे, मधली रेघ कुणी पुसून टाकल्यासारखी. हवाई दलाच्या शाळेत विमान उडवायला शिकणारी ती सगळी पोरं विशीच्या आतबाहेरची. कुणी न्यूझीलंडचं, कुणी नॉर्वेचं, कुणी आयव्हरसारखं इथल्याच सरोवराकाठच्या आइसलंडी वस्तीतलं, मासे सुकवणाऱ्यांच्या घरातलं. युद्ध समुद्रापलीकडे होतं, पण मरण इथंही नेमानं येई. दोन विमानं एकमेकांवर आदळली होती. एकजण पट्टा बांधायला विसरला आणि उलटं उडताना निसटून पडला. मेलेल्याची गादी गुंडाळून पलंगाच्या डोक्याशी उभी करायची आणि त्याच्या वाटणीचा गोड पदार्थ शेजारच्यानं खायचा, हा रिवाज कुणी लिहून ठेवलेला नव्हता. पहिल्यांदा आयव्हरच्या वाट्याला ॲपल पाय आला तेव्हा त्यानं तो खाल्ला होता. छान होता. नंतर त्याला याचंच नवल वाटत राहिलं.

पेटिग्रू सर उंच होते, पुढच्या खोबणीत बसले की त्यांचं डोकं आणि खांदे मागच्या माणसाच्या डोळ्यांसमोर येत. शिकणारा मागं, शिकवणारा पुढं. दोघांच्या पायांमध्ये विमान चालवायचा एकेक दांडा, आणि ते दोन दांडे खालून एकमेकांना जोडलेले. एकानं हलवला की दुसऱ्याचा हलतो. बोलायला एक रबरी नळी. तिच्यातून शब्द असे येत जणू कुणी उशीत तोंड खुपसून बोलतंय. म्हणून दांडा देण्याघेण्याचं शब्दांवर सोडत नसत. त्याला खुणा होत्या. ज्याला दांडा घ्यायचा आहे त्यानं तो दोनदा झटकून हलवायचा. ज्याला द्यायचा आहे त्यानं दोन्ही हात डोक्याच्या वर न्यायचे, उघडे, दिसतील असे. पुढच्याचे हात मागच्याला समोर दिसत. मागच्याचे हात पुढच्याला एका छोट्या आरशात दिसत. "लिंडाल," सर पहिल्या दिवशी म्हणाले होते, "विमान हवेत असतं तेव्हा ते कुणाचं तरी असतं. तुझं किंवा माझं. दोघांचं कधीच नाही. कळलं ना, मासेवाल्या?" कळलं होतं. कुणाचंच नाही, ही तिसरी शक्यता दोघांपैकी कुणाच्याही मनात आली नाही.

त्या दिवशी दांडा आयव्हरकडे होता. तो नाकासमोर सरळ नेत होता, एवढंच काम होतं. मग दांडा हलला. झटकन, दोनदा. त्यानं लगेच सोडला आणि हात वर नेले, जाड मोज्यांतले दोन्ही हात, आणि थोडा वेळ तसेच ठेवले. मग मांडीवर घेतले. समोर सरांचे खांदे स्थिर होते. आरसा पांढरा होता, पण आरशात बघण्याचं काम त्याचं नव्हतं. आणि मग ते सुरू झालं, ज्याबद्दल तो आजवर कुणाशी बोलला नाही. विमान इतकं सुंदर चाललं. एक धक्का नाही, एक सावरणं नाही. त्याच्या हातात असलं की ते सतत काहीतरी मागत राही, थोडं डावीकडे, थोडं वर, आणि आता ते काहीच मागत नव्हतं. त्याला वाटलं, असं उडवायचं असतं. असे हात असतात. नळीतून गुणगुणणं येऊ लागलं, उशीत दाबल्यासारखं, एकाच चालीचं, मधेच एक छोटा अडखळा घेऊन पुन्हा सुरू होणारं. सर गात होते. ढग आणि बर्फ यांच्यामधल्या त्या पांढऱ्या पोकळीत हात मांडीवर टाकून आयव्हर बसला होता, लहानपणी बापाच्या बोटीत तळाशी जाळ्यांवर पडून राहायचा तसा, आणि कुणीतरी जाणतं माणूस त्याला नेत होतं. इतका निवांत तो त्याआधी कधी नव्हता. त्यानंतरही नाही. मग पांढऱ्यातून एक कुंपण आलं. तिरपं. खांब, तार, खांब, सगळं एका बाजूला कललेलं, आणि ते इतकं जवळ होतं की तारेवरचा बर्फ दिसला.

चौकशीत एका अधिकाऱ्यानं विचारलं, दांडा कुणाकडे होता? सरांकडे, तो म्हणाला. कशावरून? दांडा हलला म्हणून. आणखी कशावरून? गुणगुणणं त्यानं सांगितलं नाही. ते त्या खोलीत सांगण्यासारखं नव्हतं; तिथं भिंतीवर नकाशे होते. त्यांनी शिक्षकाचं दुर्लक्ष असं ठरवलं आणि तो कुबड्यांवर बाहेर आला. पुढं सैनिकांसाठीच्या सवलतीवर त्यानं पदवी घेतली, आणि त्या अभ्यासात एक दिवस फळ्यावर त्याचं विमान आलं. नीट तोललेलं विमान हात काढले तरी बराच वेळ आपलंआपण उडतं. मग अगदी हळू एका पंखावर झुकतं. झुकलं की वळतं, वळलं की आणखी झुकतं, गोल गोल खाली. वळण इतकं समतोल असतं की आत बसलेल्याच्या मांडीवर काठोकाठ भरलेला पेला असला तरी सांडणार नाही. शरीराला सरळच वाटतं. आणि भोवऱ्याच्या वाऱ्याचा एखादा झोत शेपटीला लागला तर दांडा हलतो. झटकन. दोनदाही. मास्तर पुढं शिकवत राहिले आणि आयव्हर बाकाची कड धरून बसला. पण त्याच्याकडे गुणगुणणं होतं. जो गातोय त्याला माहीत असतं तो काय करतोय. सर चालवत होते, चालवताना गात होते, आणि ढगात त्यांचा अंदाज चुकला. त्या गाण्यावर तो इतकी वर्षं उभा होता.

पेटिग्रूंचं घर रेल्वेच्या यार्डाला लागून होतं. खिडक्यांच्या काचा शंटिंगच्या प्रत्येक धक्क्याबरोबर हलक्या वाजत. दार एल्स्पेथनं उघडलं. ती आवाजापेक्षा वयानं मोठी होती आणि तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं. म्हातारा स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. रुंद मनगटं, बंद गळ्यापर्यंत बटणं लावलेला स्वेटर. त्यानं उठायचं काही केलं नाही.

"हा तो?"

"बाबा, पाहुण्याला खुर्ची तरी द्या. चौकशी मग करा, हे काही रेल्वेचं ऑफिस नाही."

"खुर्ची त्याच्यासमोरच आहे. दिसते ना रे पोरा? बस. पाय लांब कर, तुझा पाय मला माहीत आहे." म्हातारा थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिला. "आइसलंडवाले ना तुम्ही? तुमच्यातला एक होता माझ्या इंजिनावर, फायरमन. कोळसा टाकायचा असा जणू कोंबड्यांना दाणे घालतोय."

"बाबा."

"चांगला होता म्हणतोय मी." मग त्यानं दोन्ही पंजे टेबलावर पालथे ठेवले. "तुला हिनं बोलावलंय. मी नाही. पण आलायस तर एकच विचारतो. माझी चाळीस वर्षं इंजिनावर गेली. वाफेचा दांडा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना माझ्याकडे तोंडानं बोलायचं असा नियम होता. देणारा म्हणायचा, घे. घेणारा म्हणायचा, घेतला. ऐकू आलं नाही तर परत म्हणायचं. हे त्या पोराला मी बोलता यायच्या आधी शिकवलं. माझ्या इंजिनावर एकजण डुलकी घेताना सापडला होता, त्याच्याशी मी पुन्हा आयुष्यात बोललो नाही. त्याच्या मयतालाही गेलो नाही. आता सांग, दांडा कुणाकडे होता?"

यार्डात एक धक्का झाला आणि कपाटातल्या बशा कुजबुजल्या. आयव्हरनं टेबलाची कड धरली होती. सरांकडे, असं म्हटलं की म्हाताऱ्याचं खरं ठरणार, आणि पाटीवरची जागा तशीच राहणार. माझ्याकडे, असं म्हटलं तर ती भरेल. ट्राममध्ये येताना त्यानं तेच ठरवलं होतं. शब्द तोंडाशी तयार होते. पण म्हाताऱ्याच्या पंजांकडे बघताना त्याला वाटलं, या माणसाला हातांतलं कळतं. खोटं याला चवीवरून कळेल.

"मला वाटलं, त्यांच्याकडे," तो म्हणाला. "दांडा हलला. मी हात वर केले. पण आरशावर श्वासाचा बर्फ जमला होता. माझे हात त्यांना दिसले की नाही ते मला माहीत नाही. कदाचित दांडा वाऱ्यानं हलला असेल."

"कदाचित."

"पण ते झोपले नव्हते. एवढं मी सांगू शकतो. ते गात होते."

एल्स्पेथचा हात कणकेत थांबला. म्हातारा हलला नाही. "कोण, ड्युगल्ड? त्याला गळाच नव्हता. चर्चमध्ये नुसते ओठ हलवायचा."

"म्हणजे गाणं नव्हे. गुणगुणत होते. नळीतून ऐकू येत होतं."

"काय गुणगुणत होता?"

"नाव माहीत नाही. नंतर मला ते कुठंच ऐकायला मिळालं नाही."

"मग करून दाखव."

आयव्हरनं ते कधी तोंडाबाहेर काढलं नव्हतं. बायकोसमोर नाही, एकटा असतानाही नाही. तोंडाबाहेर काढलं तर झिजेल असं त्याला वाटे. त्यानं खाली मान घातली आणि ओठ मिटून सुरू केलं. पहिल्यांदा आवाज नुसता घशातच घासला. मग आला. चार ठोके, त्यातला पहिला जड. पुन्हा चार. पुन्हा चार. मग तो अडखळा, पाय पायरीवर चुकल्यासारखा, आणि पुन्हा चार. त्या पांढऱ्या पोकळीतून ते आता एका पिठाच्या वासाच्या खोलीत येत होतं, आणि त्याला कळत होतं की ते इथं परकं नाही. तो थांबला तेव्हा म्हाताऱ्याचा उजवा पंजा उलटा झाला होता. बोटं कशाला तरी धरल्यासारखी वळली होती.

"हे गाणं नाही," म्हातारा म्हणाला. "हे माझं इंजिन आहे. चढावरचं. अडखळा घेतलास ना, तो त्या लाकडी पुलावरचा सांधा, तो कधीच कुणी नीट बसवला नाही." त्यानं आपल्या वळलेल्या बोटांकडे पाहिलं. "सुट्टीत मी त्याला घेऊन जायचो. नियमात नव्हतं, पण न्यायचो. फायरमनच्या बाजूला बसायचा. हात दोन्ही गुडघ्यांच्या मधे. आणि इंजिनाबरोबर हे चालू. हुं हुं हुं हुं. फायरमन म्हणायचा, पेटिग्रू, तुझं पोरगं म्हणजे दुसरं इंजिन आहे, याला कोळसा किती लागतो?"

"जेवताना पण करायचा," एल्स्पेथ म्हणाली. "बाबा मोटार चालवायला लागले की मागं बसून करायचा. मी चिमटे काढायचे."

"आणि मी त्याच्या हातात दांडा दिला ना," म्हातारा म्हणाला, "मोठा झाल्यावर, सपाटीवर... की बंद. एकदम बंद. तोंड असं मिटायचं. गाडी चालवताना त्याला हाक मारली तरी ऐकू जायची नाही. बोलेना, गाईना, श्वास घेतो की नाही अशी शंका यायची."

"हो," एल्स्पेथ हळूच म्हणाली. "स्वतः चालवताना कधीच नाही."

यार्डात डबे एकामागून एक आदळत गेले, लांबून जवळ, जवळून लांब. आयव्हर त्यांच्याकडे आळीपाळीनं बघत होता. त्याला ते कळायला वेळ लागला, जसं झुकल्याचं कळायला लागतो. आत सगळं सरळच वाटत होतं. सर गात होते. म्हणजे सरांचे हात मोकळे होते. दोन्ही गुडघ्यांच्या मधे. म्हणजे पुढं जे उंच, स्थिर खांदे होते ते चालवणाऱ्याचे नव्हते. ते एका चांगल्या ड्रायव्हरच्या बाजूला बसलेल्या मुलाचे होते. आणि तो चांगला ड्रायव्हर मागं हात मांडीवर टाकून बसला होता. विमान इतकं सुंदर चाललं होतं आणि दोघंही एकमेकांबद्दल मनात म्हणत होते, असे हात असतात. त्या मिनिटांमध्ये कुणीच नव्हतं. इतकी वर्षं ज्याच्यावर तो उभा होता ते त्याच्या पायाखालून सावकाश निघालं, वीतभर, कुरकुर न करता. तो पडण्याची वाट बघत राहिला. पडला नाही. टेबल होतं. म्हाताऱ्याचे हात होते. पलीकडे कणीक होती.

"तर मग," म्हातारा म्हणाला, "दांडा कुणाकडे होता?"

"वाऱ्याकडे," आयव्हर म्हणाला.

"आरसा पुसायला हवा होता त्यानं."

"हो."

"आणि तू तोंडानं म्हणायला हवं होतंस. घेतला का म्हणून."

"हो."

"चूक ती चूक. त्याची, तुझी, ज्यानं असल्या खुणा काढल्या त्याची." म्हाताऱ्यानं डोळे मिटले. पापण्या पातळ होत्या आणि त्यांच्याखाली काहीतरी हलत होतं. "पण झोपला नव्हता."

"नाही."

"तुझ्यावर टाकून बसला होता. माझ्यावर टाकून बसायचा तसा." मग डोळे न उघडताच, "चांगलं चालवत होतास का रे तू? त्याआधी?"

आयव्हरनं आठवून पाहिलं. थोडं डावीकडे, थोडं वर. नाकासमोर. "बरं चालवत होतो," तो म्हणाला.

"त्याशिवाय नाही सुरू व्हायचं त्याचं," म्हातारा म्हणाला.

चहा झाला. बेदाण्यांचे गरम बन आले. म्हाताऱ्यानं आयव्हरच्या बशीत दुसरा टाकला आणि तो नको म्हणेपर्यंत त्यावर लोणी लावून मोकळा झाला. उठायची वेळ झाली तेव्हा तो एल्स्पेथला म्हणाला, "त्या पितळवाल्याला सांग जाऊन. नाव घाल म्हणावं."

एल्स्पेथनं हात पुसले, पुन्हा पुसले. "बाकी आठांच्या पुढं 'लढताना' कोरलंय, बाबा."

"त्यांच्यापुढं असू दे. ते लढले. ड्युगल्डच्या पुढं 'शिकवताना' घाल."

"पाटीवर ते वेगळं दिसेल."

"दिसू दे," म्हातारा म्हणाला. "तुला मी सांगितलं. आता तू म्हण."

"काय म्हणू?"

"ऐकू आलं तर काय म्हणतात?"

तिनं आयव्हरकडे पाहिलं, मग बापाकडे. "घेतला," ती म्हणाली. आणि वळून चुलीकडे गेली. तिथं काही काम नव्हतं.

परतीची ट्राम जवळजवळ रिकामी होती. ड्रायव्हर तोच, तांबूस मिशांचा. दिवस मावळत आला होता, आतले दिवे लागले होते, आणि पुलावर आल्यावर बाहेर काहीच उरलं नाही. वाफ होती, तीही निळसर. आयव्हर पुढच्या दाराशी उभा होता. खालचे रूळ बोलत होते, चार चारच्या ठोक्यांत, आणि पुलाच्या मधोमध कुठंतरी एक सांधा होता, तिथं चाक किंचित अडखळायचं. नदी खाली होती, दिसत नव्हती. ड्रायव्हरचा डावा हात एका मुठीवर होता, उजवा दुसरीवर. त्याची मान ताठ होती आणि तो गात नव्हता. आयव्हरनं ते नीट पाहून घेतलं. मग त्यानं खांबावरचा एक हात काढला. मग दुसरा. बोटं आखडली होती, उघडायला वेळ लागला. त्यानं दोन्ही हात डोक्याच्या वर नेले, पंजे उघडे, दिसतील असे, आणि तसाच उभा राहिला. त्याच्या मिटलेल्या ओठांमागं काहीतरी सुरू झालं होतं. ट्राम त्याच्या तळपायांखालून, गुडघ्याखालून, कुणाच्या तरी हातानं चालली होती.

ड्रायव्हरच्या डोक्यावर एक लांबट आरसा होता.

"काय साहेब," तो समोरची नजर न हलवता म्हणाला, "दरोडा पडला की काय?"

"दिसले का तुम्हाला?" आयव्हरनं विचारलं. "माझे हात?"

"दिसले म्हणजे! येताना त्या खांबाचा गळा आवळून उभे होतात, तेही दिसलं होतं. चांगले दिसतायत. दोन्ही."

"मग ठीक आहे," आयव्हर म्हणाला, आणि हात खाली घेतले, आणि रिकामेच ठेवले.